लिस्बनचा एक दिवस, आईच्या गुडघ्याच्या बेताने

लिस्बनसाठी आमच्या हातात एकच अख्खा दिवस होता आणि सोबत 67 वर्षांची आई, जिचा उजवा गुडघा जिना दिसला की कुरकुरायला लागतो. मी नेदरलँड्समध्ये असते, आई तीन महिन्यांसाठी आली होती, तिला पॅरिस नको होतं, रोम नको होतं. आई वेंगुर्ल्याची, डच वखारीची पडकी इमारत बघत मोठी झालेली, डचांच्या देशात तर आता लेकच राहते, तेव्हा "ते गोव्यात येऊन बसले होते ते पोर्तुगीज कुठले ते एकदा बघूया" एवढंच तिचं म्हणणं. जूनचा पहिला आठवडा होता. घरातलं मोठं माणूस सोबत घेऊन लिस्बनला जायचं असेल तर काय करावं आणि काय खुशाल सोडावं हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच, सकाळी नदीकाठचं बेलेम, संध्याकाळी टेकडीवरचं जुनं आल्फामा, मध्ये खोलीवर येऊन दोन तास आडवं व्हायचं. 28 नंबरची ट्राम आणि सांता जुस्ताची लिफ्ट या दोन्हींच्या रांगेत उभं राहायचं नाही. बाकीचं वेळ असेल तर वाचा.

सुरुवात वाईट झाली, ते आधी सांगून टाकते. आदल्या रात्री उशिरा पोचलो, भूक लागलेली, आणि बायशा भागात, म्हणजे खालच्या सपाट शहरात, एका चालायच्या रस्त्यावर हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या माणसाने फोटोंचं मेन्यूकार्ड पुढे केलं आणि आम्ही बसलो. नाव लिहीत नाही, तसली हॉटेलं तिथे ओळीने आहेत. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज, एका बशीत कोळंबी असं काय काय येऊन पडलं. आईला वाटलं पाहुणचार आहे, तिने पाव घेतला, मी ऑलिव्ह खाल्ले. याला तिथे कुव्हेर्त म्हणतात आणि खाल्लं की ते बिलात लागतं. मासा मागवला तर मेन्यूवरचा दर किलोचा निघाला, वजन कोणी सांगितलं नाही, आणि बिल आलं 71 युरो, त्यात ती कोळंबीची बशीही होती जिला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता. पोर्तुगालचा कायदा स्पष्ट आहे, न मागता आणलेलं आणि गिऱ्हाइकाने न खाल्लेलं बिलात लावता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, तिथल्या प्रत्येक हॉटेलात, दुकानात तक्रारवही ठेवावीच लागते, तिला लिव्रु द रेक्लामासोंइश म्हणतात. हे तीन शब्द पाठ करून जा. मी शांतपणे ती वही मागितली आणि दोन मिनिटांत बिल 14 युरोंनी कमी झालं. पण आईचा चेहरा उतरला तो उतरलाच, पहिल्याच रात्री कोणी आपल्याला फसवायला बघतं हे तिला फार लागतं. म्हणून सांगते, बाहेर उभं राहून बोलावतात तिथे बसू नका, बसलातच तर पाव आल्या आल्या "नको" म्हणून परत पाठवा, कोणाला राग येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला निघालो. प्रवासासाठी नावेगांते कार्ड घ्या, 50 सेंटला मिळतं, प्रत्येकाला वेगळं लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात पैसे भरून ठेवले की मेट्रो, बस, ट्राम, लोकल सगळीकडे चालतं. बेलेमला जायला बहुतेक लोक 15 नंबरच्या ट्रामला लटकतात, तुम्ही कायश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल पकडा. आम्हाला दोघींना खिडकी मिळाली. डाव्या बाजूला बसायचं म्हणजे नदी दिसते. नदी कसली, खाडीच वाटते एवढा रुंद पाट आहे तेजू नदीचा, आणि वाटेत गाडी त्या मोठ्या लाल लोखंडी पुलाखालून जाते. हा पूल 1966 साली उघडला तेव्हा हुकूमशहा सालाझारच्या नावाने होता, 1974 च्या क्रांतीनंतर त्याला क्रांतीच्या तारखेचंच नाव दिलं, 25 एप्रिल. आई म्हणाली मांडवीच्या पुलावरून पणजीत शिरतो तसं वाटतंय. दहा मिनिटांत बेलेम.

आता पास्तैश द बेलेम. या दुकानाबद्दल मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे कारण सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त पटलेली जागा हीच. 1837 पासून चालू आहे. शेजारीच जेरोनिमोसचा मठ आहे, 1834 मध्ये सरकारने देशातले मठ बंद केले तेव्हा मठातल्या मंडळींनी पोट भरायला म्हणून जवळच्या साखर कारखान्याला लागून असलेल्या दुकानात हे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे पेस्ट्रीकप विकायला ठेवले, ते आजवर. बाकी सगळ्या शहरात यालाच पास्तेल द नाता म्हणतात, बेलेमचं नाव फक्त यांचं, आणि कृती ठरावीक लोकांनाच माहीत असते. बाहेर फुटपाथवर रांग दिसते ती पार्सलवाल्यांची, ती बघून घाबरू नका. आत बसून खायचं असेल तर सरळ आत जा, खोलीमागून खोल्या आहेत, निळ्या-पांढऱ्या टाइल्स लावलेल्या भिंती, चारशेच्या वर माणसं बसतात. आम्ही सव्वाआठला पोचलो, लगेच टेबल मिळालं.

सहा मागवले. दीड युरोच्या आसपास एक पडतो. बशी आली तेव्हा गरम होते, वरून काळे-तपकिरी डाग पडलेले, आपल्या पुरणपोळीला तव्यावर पडतात ना तसे. टेबलावर दालचिनीची आणि पिठीसाखरेची अशा दोन पुड्या असतात. मी लगेच खायला घेतला. आईने मात्र तो हातात घेऊन उलटा केला. कस्टर्ड घट्ट होतं, सांडलं नाही. खालच्या बाजूला तिने बोट ठेवून मला दाखवलं, पापुद्र्यांचं गोल गोल चक्र होतं, झाडाच्या खोडाला असतं तसं. "हे बघ, साटा लावून गुंडाळी केलीये, मग कापून, कापलेली बाजू वर धरून दाबलंय. आपल्या साट्याच्या करंज्या अशाच करतात." आणि खरंच तसंच आहे, पिठाची पोळी लोण्याबरोबर घडी घालून लाटायची, वळकटी करायची, तुकडे कापायचे आणि प्रत्येक तुकडा साच्यात अंगठ्याने दाबत वर चढवायचा. आई दर दिवाळीला पाटावर बसून हेच करते, फक्त साट्यात तूप आणि तांदळाचं पीठ असतं. मग तिने खाल्ला. चावल्यावर आवाज येतो, खरोखर शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल असा, आणि मधलं कस्टर्ड फार गोड नाही, थोडं खारट अंगाला जातं. आईने तीन खाल्ले. मधुमेह नाहीये तिला, नाहीतर मी खाऊ दिले नसते. अंडं अजिबात न खाणाऱ्यांनी मात्र विचारूनसुद्धा बघू नका, सगळा जीव पिवळ्या बलकात आहे. तिथले लोक सांगतात की मठांमध्ये कपड्यांना कांजी करायला अंड्याचं पांढरं वापरायचे आणि उरलेल्या बलकांचं काय करायचं म्हणून ही सगळी गोडं जन्माला आली, गोव्याच्या बेबिंकातही ढीगभर बलक जातात ते आठवलं.

कॉफी मागताना, एस्प्रेसोला लिस्बनमध्ये बीका म्हणतात, आणि आपल्यासारखी दूधवाली हवी तर गलाओ मागा, उंच काचेच्या ग्लासात येते. आईला गलाओ फार आवडली. दोघींचा नाश्ता 14 युरोंच्या आत झाला. पाचपैकी पाच, विचारच करू नका.

मग मठ. जेरोनिमोस मठाचं आतलं अंगण बघायला तिकीट आहे, ते स्वस्त नाही आणि रांग उन्हात असते, आम्ही ते सोडलं. सोमवारी बंद असतं तेही लक्षात ठेवा. पण चर्चला तिकीट नाही, त्याची रांग वेगळी आहे आणि भराभर सरकते, हे खूप जणांना कळतच नाही, सगळे तिकिटाच्या रांगेत उभे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने हे बांधायला घेतलं, आशिया आणि आफ्रिकेच्या व्यापारावर लावलेल्या साधारण 5 टक्के कराच्या पैशातून, आणि पुरं व्हायला शंभरेक वर्षं गेली. आतले खांब माडासारखे सरळ वर जातात आणि वर झावळ्या फुटाव्यात तशा छतात पसरतात. दगडात जहाजाचे दोरखंड कोरलेत, गाठींसकट.

आत शिरल्यावर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजवीकडे त्यांचा कवी कामोंइश. गामा पांढऱ्या दगडात हात जोडून झोपलाय, कबरीच्या अंगावर जहाज कोरलेलं. तो मेला आपल्याकडे, कोचीत, 1524 च्या डिसेंबरात, मागाहून अवशेष पोर्तुगालला आणले. लोक फोटो काढत होते. मी आईला तिथेच हळू आवाजात सांगितलं की याच माणसाने 1502 च्या दुसऱ्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं. आईने हात जोडले नाहीत, फोटोही नको म्हणाली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि पुढे गेली. मला तिचं ते वागणं एकदम बरोबर वाटलं. पुढे मुख्य गाभाऱ्यात राजांच्या कबरी आहेत, त्या दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. ते हत्ती मात्र तिला आवडले, "हे आपल्याकडचे" म्हणून. बसायला बाकं आहेत, अर्धा तास गारव्यात बसलो.

बाहेर नदीकाठी खलाशांचं ते उंच स्मारक आहे, 52 मीटरचं, 1960 सालचं. वर लिफ्टने जाता येतं, आम्ही गेलो नाही. त्याच्या पुढ्यात जमिनीवर संगमरवरात जगाचा मोठा नकाशा काढलाय, त्यावर सफरींचे मार्ग आणि सालं. आईने चालत चालत हिंदुस्थानचा पश्चिम किनारा गाठला आणि तिथे उभं राहून फोटो काढायला लावला, अख्ख्या ट्रिपमधला तिने स्वतः मागितलेला हा एकमेव फोटो. बेलेमचा बुरूज तिथून पंधरा मिनिटं सपाट रस्त्याने चालत. बुरुजाच्या आत अरुंद गोल जिना आहे, गुडघेवाल्यांचं काम नाही, बाहेरूनच बघा, पण एका कोपऱ्यातल्या टेहळणीच्या कठड्याखाली गेंड्याचं झिजलेलं तोंड कोरलंय ते शोधा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात चढवला, तो 20 मे 1515 ला इथे उतरला. त्याआधी शेकडो वर्षं युरोपात कोणी जिवंत गेंडा बघितला नव्हता. त्याचं नावही तिथे गांडा असंच चाललं, आपल्या गेंड्यावरूनच. त्याच वर्षाच्या शेवटी राजाने तो पोपला भेट पाठवला आणि वाटेत इटलीजवळ जहाज बुडालं, गेंडा साखळीला बांधलेला होता. आईला वाईट वाटलं, मलाही.

लोकलने परत कायश दु सोद्रे, आणि तिथून रुआ दु आर्सेनाल या रस्त्याने चालत निघालो. हा रस्ता कुठल्याच टॉप टेनमध्ये नसतो. अर्ध्या वाटेत आई थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "ह्यो वास माझ्या वळखीचो आसा गो." बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, त्याची दुकानं आहेत तिथे. पत्र्यासारखे कडक, अंगावर मिठाची पांढरी पूड धरलेले, त्रिकोणी मासे ढिगाने रचलेले, छताला टांगलेले, आणि काउंटरवर उसाचा बुडखा तोडायला असावी तशी लांब पात्याची कात्री बसवलेली, दुकानदार मासा त्याखाली धरतो आणि पातं दाबतो, खटकन आवाज. आईने परवानगी मागून एका तुकड्यावर अंगठा दाबून बघितला, मग कडेची जाडी चिमटीत धरली, वास घेतला. दुकानदार बघत होता, त्याने एक शब्द न बोलता तो तुकडा बाजूला ठेवला आणि मागून दुसरा, जास्त जाड आणि पिवळसर काढून तिच्या पुढ्यात ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. आईने मान हलवली, हा चांगला. वेंगुर्ल्याला पावसाळ्याची बेगमी म्हणून खारा बांगडा, सुकी सुरमई घ्यायला ती बाजारात जाते तेव्हा अगदी हेच करते. गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या समुद्रातला नाहीच, थंड पाण्यातला, नॉर्वेकडून वगैरे येतो, आणि तरी यांचा राष्ट्रीय पदार्थ. शिजवायच्या आधी एक-दोन दिवस पाणी बदलत बदलत भिजवावा लागतो. आम्ही अर्धा किलो घेतला, तीन पिशव्यांत गुंडाळूनसुद्धा बॅगेला वास लागला, पण घेतला ते छान केलं.

जेवायला या वेळी मी रस्ता बदलला. मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत, जिथे दारावर कागदावर हाताने आजचे पदार्थ लिहिलेत आणि आत कामावरची माणसं जेवताहेत अशी जागा शोधली. अशा खानावळीला ताश्का म्हणतात. कागदी टेबलक्लॉथ, सहा-सात टेबलं, टीव्ही चालू. दुपारी एकच्या आधी जा, नंतर उभं राहावं लागतं. मालक साठीचे गृहस्थ, त्यांनी मेन्यू वाचून दाखवायला सुरुवात केली आणि आई मध्येच मला म्हणाली, "हा बटाटा म्हणाला." म्हणाला खरा, बटाट्याला पोर्तुगीजमध्ये बाताताच म्हणतात. मग ती कान देऊनच बसली. पाव म्हणजे पाव, त्यांचा उच्चार नाकातून. कोबी म्हणजे कोव्ह. अननस अननसच. काजू काजूच. आणि मेन्यूत पहिलंच होतं कांजा, आई म्हणाली कांजी? मागवून बघितली तर कोंबडीच्या पातळ रश्शात तांदूळ, वर पुदिन्याचं पान. हा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला, मलबारच्या किनाऱ्यावरून. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटाला बरं नव्हतं, ती कांजी तिने वाटी पुसून खाल्ली. मी बाकाल्याव आ ब्राश घेतलं, भिजवलेल्या माशाचे धागे, काडीसारखे कापून तळलेले बटाटे आणि अंडं एकत्र परतलेलं, वर काळे ऑलिव्ह आणि कोथिंबिरीसारखी पार्स्ली. आईने माझ्यातलं घेतलं, म्हणाली चांगलंय, पण एक हिरवी मिरची आणि दोन आमसुलं पडली असती तर. पानं मोठी असतात, अर्धं पान मिळतं का विचारा, मैया दोझ म्हणायचं.

मालकांनी विचारलं कुठल्या, मी म्हटलं गोव्याच्या शेजारचा जिल्हा. ते एकदम खुलले. आत जाऊन एका बशीत एक त्रिकोणी वस्तू घेऊन आले, शामुसा, म्हणजे आपला सामोसा, मटणाचा. लिस्बनमध्ये साध्या साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटातसुद्धा हा दिसतो. 2015 ते 2024 पोर्तुगालचे पंतप्रधान होते ते आंतोनियो कॉश्ता, वडिलांकडून गोवेकर, मडगावचं घराणं, हे त्यांनी आईला अभिमानाने सांगितलं आणि मी भाषांतर केलं. आईने त्यांना सांगितलं की हापूस आंब्याचं नाव तुमच्या अफोन्सोवरून, म्हणजे गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलंय. हे त्यांना माहीत नव्हतं, स्वयंपाकघरातून बायकोला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. दोघींचं जेवण, कॉफीसकट 23 युरो. पैसे द्यायला गेले तर काउंटरवरची पाटी, पगार. म्हणजे पैसे देणे. आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. या जागेचं नाव मी लिहून घ्यायचं विसरले, त्याची हळहळ अजून वाटते.

तीन ते पाच खोलीवर. हे चुकवू नका, जूनमध्ये उजेड रात्री नऊपर्यंत असतो, घाई कशालाच नाही.

संध्याकाळी शियादूला, म्हणजे वरच्या भागात, चढायचं होतं. सगळे सांता जुस्ताच्या लिफ्टपाशी उभे असतात, 1902 सालची लोखंडी लिफ्ट, 45 मीटर, दिसायला सुंदर आहे, खालून डोळे भरून बघा. वर जायला मात्र बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरा, सरकत्या जिन्यांवरून सरळ वरच्या दाराने शियादूत निघता, तिकीट लागत नाही, आईचा गुडघा वाचला. तिथून कार्मोचं चर्च पाच मिनिटं. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी लोक चर्चमध्ये असतानाच भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग सणाच्या पेटवलेल्या मेणबत्त्यांनी शहराला आग लागली ती कित्येक दिवस. या चर्चचं छत पडलं ते त्यांनी परत घातलंच नाही, नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. सपाट भागातले सरळ रेषेतले रस्ते त्यानंतर राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने आखलेले, घरांच्या भिंतींत भूकंप झेलायला लाकडी पिंजरे घातलेले. चर्चसमोरच्या चौकात जाकारांडा फुललेला होता, आपला नीलमोहर, खाली जांभळा सडा. बाकावर बसलो, कोणी उठवलं नाही.

एक सूचना, चपलांबद्दल. लिस्बनचे फुटपाथ छोट्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत, नक्षी अप्रतिम, पण वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेत आणि उताराला साबणासारखे सरकतात. रबरी तळाचे बूट घाला, सँडल नको. आईला मी हात धरूनच उतरवत होते.

आल्फामाला जायला 28 नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना हवी असते, गाड्या 1930 च्या दशकातल्या, बघायला गोड, पण बसायला जागा मिळायची तर पहिल्या स्टॉपवर ताटकळावं लागतं आणि गर्दीत पाकीटमारांपासून जपा असं सगळेच सांगतात. आम्ही प्रासा दा फिगैरावरून 737 नंबरची छोटी बस घेतली, ती थेट किल्ल्यापर्यंत चढते. किल्ला बघितला नाही. तिथून सगळा उतारच आहे. सांता लुझियाच्या सज्जावर बोगनवेलीखाली बसायला जागा आहे, शेजारच्या चर्चच्या भिंतीवर टाइल्समध्ये भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक रंगवलाय, रुआ दु आर्सेनालच्या टोकाशी दुपारी तोच चौक आपण आताच्या रूपात बघितलेला असतो, त्यामुळे बघायला मजा येते. पुढे दोन मिनिटांवर पोर्ताश दु सोल, सगळी लाल कौलं आणि खाली नदी. कौलं बघून आई घरच्या गोष्टी सांगत बसली, तिथे आमचा पाऊण तास गेला.

12 जूनच्या रात्री लिस्बनचा मोठा उत्सव असतो, संत अँथनीचा, तो इथलाच जन्माचा. आम्ही आधीच्या आठवड्यात होतो तरी आल्फामाच्या गल्ल्यांत पताका लागल्या होत्या, दारोदारी कोळशाच्या शेगड्या आणि त्यावर तारल्या. हो, तारल्या. जाडं मीठ लावलेल्या, अख्ख्या, आतड्यांसकट भाजलेल्या, पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून हातात देतात. धुराने गल्ली भरलेली. आई बघतच राहिली, "तारल्यांका इतको मान?" आमच्याकडे तारली म्हणजे ढिगाने मिळणारा स्वस्त मासा, पाहुणा आला तर कोणी तारली करत नाही. इथे त्यांचे कागदी पुतळे, त्यांची चित्रं खिडक्यांत. दोन-तीन युरोला एक. हाताने खायची, काटा अंगठ्याने उचलायचा, आणि शेवटी तेल प्यायलेला तो पाव खायचा, खरी चव त्यात आहे. आईने चार खाल्ल्या, काटे एका रेषेत बशीच्या कडेला लावून ठेवले, ते बघून शेगडीवाल्या बाईंनी पाचवी फुकट दिली.

त्याच बाईंच्या शेजारी एक आजी छोट्या कुंड्या विकत होत्या, मांजेरिकू. बारीक बारीक पानांचं गोल झुडूप, तुळशीच्या जातीचं, वर कागदाचं फूल खोचलेलं आणि एक चिठ्ठी, तिच्यात चार ओळींचं प्रेमाचं कवन. उत्सवात ही एकमेकांना देतात. आई वाकून वास घ्यायला गेली तर आजींनी घाईघाईने तिचा खांदा धरला. मग स्वतः तळवा झाडावरून हलकेच फिरवला आणि तळवा आईच्या नाकाशी नेला. नाक लावलं तर झाड सुकतं म्हणतात. आईने मला सांगायची गरजच नव्हती, देवाला वाहायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही हे तिनेच मला लहानपणी शिकवलं. कुंडी घेतली.

रात्री फादू, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं. मोठ्या ठिकाणी जेवणासकट बरेच पैसे लागतात, आम्ही आठ-दहा टेबलांची एक जागा खोलीच्या मालकीणबाईंच्या ओळखीने आधी सांगून ठेवली होती, तुम्हीही आधी सांगूनच जा. फादूला 2011 मध्ये युनेस्कोने मान्यता दिलीये, पण आल्फामात ते घरचंच गाणं आहे. दिवे मंद करतात, बोलायचं पूर्ण बंद, आणि खरोखर बंद, काट्याचमच्याचाही आवाज नाही. दोन वाजवणारे, एकाकडे साधी गिटार आणि दुसऱ्याकडे नासपतीच्या आकाराची 12 तारांची पोर्तुगीज गिटार, आणि काळी शाल घेतलेली पन्नाशीतली बाई, माइक नाही. गाणं सुरू झालं तेव्हा वाढणारा मुलगा सूपच्या दोन बश्या घेऊन दारात होता, तो तिथेच थांबला, तिसरं कडवं संपेपर्यंत हातात बश्या तशाच. मी त्याच्या मनगटाकडे बघत होते, हलला नाही. आईला शब्द एकही कळला नाही. गाणं संपल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "समुद्रावर गेलेल्याची वाट बघतेय ना ही?" मी मधल्या सुट्टीत त्या मुलाला विचारलं, तो म्हणाला हो, तसंच आहे. त्यानंतर आई काही बोलली नाही. तिचे वडील होडीवर होते.

जेवण ठीक होतं, कोबीचं हिरवं सूप चांगलं, मासा थोडा कोरडा. गाण्यासकट दोघींचे 58 युरो, आणि मी ते परत आनंदाने देईन. साडेअकराला उतरून मोठ्या रस्त्यावर आलो, बस लगेच मिळाली. आई खिडकीशी बसली, कुंडी मांडीवर, मधूनमधून तळवा फिरवत आणि नाकाशी नेत. विमानात ती नेता येणार नव्हती, म्हणून सकाळी मालकीणबाईंना दिली. त्यांनी लगेच खिडकीत ठेवली आणि आईने रोज पाणी घालायचं हे खुणेने दोनदा सांगितलं.